जबाबात ‘पत्रकार’ लिहायला लावणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र पाकिटात घालून थेट तुम्हालाच पाठवता आलं असतं. जाहीर लिहितोय, कारण माझ्यासारखे वार्ताहर तालुक्यातालुक्यात आहेत आणि अडचणीत सापडलेल्या बातमीदारासाठी धावून येणारी तुमच्यासारखी संस्था असते, हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊकच नाही. मार खाईपर्यंत मलाही नव्हतं. तुमचं आणि संस्थेचं नाव मात्र लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि आमच्या भागात तुमचं अजून येणंजाणं आहे.

बातमी वाळूची होती. लिलाव एका गटाचा, उपसा भलत्याच ठिकाणी. पावती दोन ब्रास वाळूची आणि हायवा ट्रक काठोकाठ भरलेला. गोदेच्या पात्रात रात्रभर पोकलेन चालायचे आणि काठावरच्या विहिरींचं पाणी खाली खाली जात होतं. पहिला भाग छापून आला, दुसरा आला, तिसऱ्याच्या आधी मला रस्त्यात गाठलं. पुढचं सगळं तक्रारीत आहे, इथे उगाळत नाही.

मार लागला तो लागला, पण त्याहून जास्त लागलं ते नंतरचं. ज्या पेपरसाठी पंधरा ऑगस्ट, दिवाळी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस धरून गावोगाव जाहिराती गोळा केल्या, त्या पेपरने हात वर केले. “तो आमचा पगारी माणूस नाही,” असं पोलिसांना फोनवर सांगितलं. पगारी नव्हतोच. आमच्यातल्या कितीजणांना पगार असतो? जाहिरातीच्या कमिशनवर घर चालतं, नेमणुकीचं पत्र कुणी देत नाही आणि ओळखपत्राची मुदत संपली की कुणी विचारत नाही. पण बातमीवर ‘आमच्या वार्ताहराकडून’ छापताना मी त्यांचाच होतो. स्थानिक संघटनेचे पदाधिकारी तहसीलदारांना निवेदन देऊन आले, फोटो काढला, तो ग्रुपवर टाकला आणि तिथेच विषय संपला. ६ जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू केलं त्या दिवसाच्या निमित्ताने, हीच मंडळी पुढाऱ्यांच्या हातून शाल-श्रीफळ घेतात. मी दवाखान्यात होतो तेव्हा यातलं कुणी पायरी चढलं नाही. हे कडू वाटेल, पण खरं आहे.

अशा वेळी तुम्ही आलात. वकिलाचा खर्च संस्थेने केला, घरच्यांना धीर दिला, या सगळ्याबद्दल आभार आहेतच. पण ताई, मला कायम लक्षात राहील ती पोलीस ठाण्यातली पाच-दहा मिनिटं.

जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी नाव, वय विचारलं आणि पुढे ‘धंदा’ आलं, तिथे स्वतःच ‘शेती’ लिहिलं. तीन एकर आहे माझं, त्यामुळे खोटं म्हणता येत नव्हतं. मी गप्प बसलो, बोलायचं त्राणच नव्हतं. तुम्ही म्हणालात, “साहेब, तिथे पत्रकार लिहा.” त्यांनी ओळखपत्र मागितलं. तुम्ही पिशवीतून एक जाडजूड फाईल काढून टेबलावर ठेवली. तिच्यात माझ्या बातम्या होत्या. सगळ्या. तारखेप्रमाणे लावलेल्या. दुष्काळातल्या चारा छावणीवरच्या खोट्या जनावरांची, जिल्हा परिषद शाळेच्या गळक्या छपराची, रोजगार हमीच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, सह्या करणाऱ्या मेलेल्या माणसांची. मी स्वतः कात्रणं इतकी नीट कधी ठेवली नव्हती. तुम्ही ती जुन्या अंकांतून शोधून काढली होती आणि वाचलीही होती, कारण समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. एका ठिकाणी तुम्ही बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘मस्टरची प्रत कुठे आहे?’

“हे वाचा,” तुम्ही म्हणालात. “इतकी वर्षं हा माणूस हेच करतोय.”

आवाज चढवला नाही, कुणा मोठ्याचं नाव घेतलं नाही. हवालदारांनी दोन-तीन कात्रणं चाळली. चारा छावणीच्या बातमीवर थांबले, कारण ते गाव त्यांच्या माहितीतलं निघालं. मग ‘शेती’वर रेघ मारून वर ‘पत्रकार’ लिहिलं आणि शेजारी सही केली. बायको बाकावर बसली होती. मारहाणीनंतर तिने पहिल्यांदा मान वर केली.

या एका नोंदीने काय झालं ते वाचणाऱ्यांना सांगायला हवं. महाराष्ट्रात पत्रकार संरक्षण कायदा आहे. विधिमंडळाने तो एप्रिल २०१७ मध्ये मंजूर केला आणि राष्ट्रपतींची संमती मिळेपर्यंत २०१९ उजाडलं. पत्रकारावर त्याच्या कामामुळे हल्ला झाला तर गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, आणि तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. पण जबाबात शेतकऱ्याला रस्त्यात मारहाण झाली असं लिहिलं गेलं, तर हे कलम लावणार कशाला? माझ्या प्रकरणात ते लागलं. पत्रकार हल्लाविरोधी कृती समितीने या कायद्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, त्या सगळ्यांचेही आभार इथेच मानतो. राजापूरला फेब्रुवारी २०२३ मध्ये पत्रकार शशिकांत वारिशेंच्या दुचाकीवर गाडी घातली गेली आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात त्यांचा मृत्यू झाला. रिफायनरीच्या बातम्या ते लिहीत होते. कायदा तेव्हाही होताच. तेवढ्याने भागत नाही, वेळेवर पाठीशी उभं राहणारं माणूस लागतं, हे मी आता स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो.

त्या रात्री आमच्या ओसरीवर जेवताना तुम्ही अमेरिकेतली गोष्ट सांगितलीत. जमिनींचे घोटाळे आणि गुन्हेगारी टोळ्या यांवर लिहिणाऱ्या डॉन बोल्स या बातमीदाराच्या गाडीखाली १९७६ च्या जूनमध्ये फिनिक्स शहरात बाँब लावला. काही दिवसांनी तो गेला. शोध पत्रकारांची एक ना-नफा संघटना आदल्याच वर्षी सुरू झाली होती. तिच्या हाकेला देशभरातून ३८ पत्रकार फिनिक्सला गेले आणि त्याचं राहिलेलं काम हाती घेऊन १९७७ मध्ये मालिका छापली. एरवी एकमेकांवर कुरघोडी करणाऱ्या पेपरांची ती माणसं होती. मग तुम्ही माझ्या कागदांच्या दोन प्रती मागून घेतल्यात. एक मुंबईला, एक आणखी कुठेतरी. म्हणालात, “आता तुम्हाला गप्प करून कुणाचा फायदा नाही. हे कागद तुमच्या एकट्याकडे नाहीत.” त्या रात्री मला झोप लागली.

तुमच्याविषयी लिहिताना आणखी दोन माणसं आठवतात. टपरीवाल्याने मला आत ओढून शटर खाली घेतलं आणि नंतर, त्याच लोकांशी रोजची उठबस असूनही, साक्ष दिली. ज्याच्या टेम्पोत मला दवाखान्यात नेलं त्याने डिझेलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. दोघांनाही माझी बातमी काय होती ते धड माहीत नव्हतं. चांगली माणसं अशी हिशेब न मांडता मधे पडतात, आणि अशी माणसं आहेत म्हणून गावात राहायची हिंमत होते. तुमच्या संस्थेत मोजकी माणसं, देणग्यांवर चालणारं काम, आणि फोन मात्र चारी बाजूंनी येणारे. तरी तुम्ही माझी चारा छावणीची जुनी बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलीत. माझ्या संपादकांनीही ती तशी वाचली असेल की नाही, शंका आहे.

आता कामाचं. डावा हात बरा आहे, लिहायला अडचण नाही. वाळूच्या मालिकेचा तिसरा भाग लिहून झालाय आणि एका साप्ताहिकाने तो छापायची तयारी दाखवली आहे. लिलावाची कागदपत्रं आणि पावत्यांचे फोटो सोबत पाठवतोय. हायवांच्या नोंदीतल्या दोन तारखा मला जुळत नाहीत, त्या आधी पाहा. आणि मस्टरची प्रत सापडली आहे, तीही पाठवतो.

तुमचा,
एक तालुका वार्ताहर