‘कपल पॅकेज’मध्ये रबरी चटई कुठे असते?

महोदय,

आपल्या दैनिकाच्या पुरवणीतली सहलीची पानं मी नेमाने वाचते. नवविवाहितांनी कुठे जावं, मुलांना सुट्टीत कुठे न्यावं, ज्येष्ठांनी कुठली यात्रा करावी, सगळं त्यात येतं. एकच जोडपं कायम राहून जातं: ज्यांच्या घरी काही महिन्यांनी पाळणा हलणार आहे आणि त्याआधी ज्यांना दोन दिवस दोघांनीच कुठेतरी निवांत बसायचंय. माझ्या सूनबाईला सहावा सुरू आहे. तिची आणि मुलाची अशी सहल मीच ठरवली. तो अंबडच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, ती बँकेत. निवृत्त शिक्षिकेजवळ वेळही असतो आणि फोनवर प्रश्न विचारायची सवयही.

आधी घरातला विरोध सांगते. आमच्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, “पोटुशी बाईने नदी ओलांडू नये.” आम्ही पंचवटीत राहतो आणि डॉक्टर गंगापूर रोडला. म्हणजे पोर दर महिन्याला तपासणीला जाताना गोदावरी ओलांडते आणि येताना पुन्हा ओलांडते. हे सांगितल्यावर जाऊबाई म्हणाल्या, “दवाखान्याचं वेगळं.” मग मी वाद घातला नाही, सरळ डॉक्टरांनाच विचारलं. त्यांनी फाइल चाळली. वार (प्लॅसेंटा) खाली सरकलेली नाही, बीपी ठीक, रक्तस्राव कधी झालेला नाही, जुळं नाही, हिमोग्लोबिनही बरं. म्हणाल्या, खुशाल जा, फक्त लांब जाऊ नका आणि फाइल घरी ठेवून जाऊ नका. यातलं काही बिघडलेलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं आणि आम्ही मुकाट ऐकलं असतं. हा निर्णय पंचांगाचा किंवा जाऊबाईंचा नाही, एवढंच माझं म्हणणं.

मुळात या सहलीला मुहूर्तच थोडा असतो. पहिले तीन महिने सूनबाईला फोडणीचा वास सोसत नव्हता. सातव्यात डोहाळजेवण, ओटी भरली की ती माहेरी भुसावळला. डॉक्टरही साधारण 14 ते 28 आठवड्यांचा काळ प्रवासाला बरा म्हणतात. तेव्हा मळमळ ओसरलेली असते आणि पोटाचा भार अजून फार झालेला नसतो. आमच्या वेळी असला विचारच नव्हता. सातव्यात भाऊ न्यायला आला, नाशिकरोडला गाडीत बसवलं आणि हे फलाटावरून परत फिरले. त्यानंतर आम्ही दोघंच म्हणून सहलीला निघालो ते थेट निवृत्तीनंतर, अष्टविनायकाला, तेही बसभर लोकांसोबत.

तर फोन फिरवायला घेतले. पहिल्या ठिकाणचा मुलगा मोठा उत्साही. “मॅडम, आमचं कपल पॅकेज आहे. बेडवर गुलाबाच्या पाकळ्या, केक, रात्री डीजे.” मी विचारलं, खोली तळमजल्यावर आहे का? “वरती आहे, पण व्ह्यू एक नंबर!” लिफ्ट? “फक्त अठरा पायऱ्या आहेत मॅडम.” सहाव्या महिन्यातल्या बाईला रात्रीतून तीन-चारदा उठावं लागतं, जेवायला खाली यावं लागतं, आणि पोट पुढे आल्यावर पायरी दिसत नाही हो, पायाने चाचपावी लागते! दुसऱ्या ठिकाणी खोली खालीच होती, म्हणून मुलगा स्वतः बघून आला. फोटो काढून आणायला मीच सांगितलं होतं. बाथरूमचा फोटो बघितला आणि तिथेच नाद सोडला. गुळगुळीत चकचकीत फरशी, आत जायला एक पायरी खाली, धरायला कुठे काही नाही. टॉवेलची दांडी तेवढी होती, तीही एका स्क्रूवर लोंबत. भाडं विचाराल तर एका रात्रीच्या पैशांत आमचा महिन्याचा किराणा येईल.

मग मी क्रम उलटा केला. आधी नकाशावर चोवीस तास चालणारं प्रसूतिगृह बघायचं, तिथून अर्ध्या तासाच्या आतलं हॉटेल शोधायचं आणि देखावा सगळ्यात शेवटी. भंडारदरा मनात होतं, पण पुढचा घाटवळणाचा रस्ता आठवून सोडलं. शेवटी गंगापूर धरणाच्या अंगाला एक साधी जागा मिळाली. तळमजला, कमोड, समोर पाणी, डीजे नाही. जाऊबाईंनी कपाळावर हात मारला, “अगं, रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर राहायला पैसे मोजायचे?” हो, मोजायचे. सकाळी दूधवाल्याची बेल वाजत नाही, पाणी भरायला उठावं लागत नाही, सासू चहा विचारत नाही. पैसे त्याचेच.

एक दिवस दोघं नांदूर मधमेश्वरला जाऊन आले. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पक्षी अभयारण्य राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ जागा. शहरातून निघालं तर साधारण 40 किलोमीटर, आणि थंडीत बदकांनी पाणी भरलेलं असतं. मनोऱ्यावर ती चढली नाही, खालूनच दुर्बिणीतून जांभळ्या पाणकोंबड्या बघितल्या. निघण्यापूर्वी मी गाडीत तिचा पट्टा नीट करून दिला: खालचा भाग पोटाच्या खालून, जांघेवरून, वरचा छातीच्या मधून, पोटाच्या कडेने. पोटावरून पट्टा घ्यायचा नाही, आणि पोट आहे म्हणून पट्टा लावायचाच नाही असंही नाही. गरोदरपणात रक्त गोठायची प्रवृत्ती वाढलेली असते, म्हणून दीड-दोन तासांनी उतरून चार पावलं चालायची.

उतरायचं ठरवलं तरी उतरणार कुठे? वाटेत एका पेट्रोल पंपावर स्वच्छतागृहाला कुलूप. चावी मॅनेजरकडे, मॅनेजर जेवायला गेलेला. सहा महिन्यांची गरोदर बाई तिथे उन्हात उभी, आणि कामावरचा पोरगा म्हणतो, “पुढच्या पंपावर बघा ना ताई.” 2027च्या सिंहस्थासाठी रस्ते खणले जातायत, त्याची तक्रार मी करत नाही, कुंभ बारा वर्षांनी येतो, खणावं लागतं. पण या कुलपाचा आणि रंग न मारलेल्या गतिरोधकांचा सिंहस्थाशी काय संबंध?

खाण्यापिण्याचं थोडक्यात. नाशिकला आलेल्या पाहुण्याला लोक आधी मिसळ देतात आणि हल्ली नंतर वाइन. यातलं पहिलं जळजळ करतं म्हणून जपून, आणि दुसरं गरोदरपणात अजिबात नाही. ‘एक घोट चालतो’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये. मुलालाही सांगितलं, तुला गाडी चालवायची आहे, ग्लास तूही बाजूला ठेव. गरम पाण्याच्या टबात बसायचं नाही. पाणी उकळलेलं, फळ आपल्या हाताने चिरलेलं. आणि 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत येते, तो दोघांच्या फोनमध्ये आधीच घालून दिला.

सुट्टीचं मात्र मनाला लागलं. तिला कायद्याने 26 आठवड्यांची प्रसूती रजा आहे. मुलाच्या कारखान्यात बापासाठी रजा नाही, आणि खासगी नोकरीत ती द्यावीच असा कायदाही नाही. या दोन दिवसांसाठी त्याने एका सहकाऱ्याची रात्रपाळी करून दिली. बाळ झाल्यावर पुन्हा कोणाची करणार, देव जाणे.

परत आल्यावर मी विचारलं, काय केलंत दोन दिवस? म्हणाले, झोपलो. दोघांनी मिळून नावांची यादीही केली म्हणे, मला अजून दाखवलेली नाही.

नाशिक, इगतपुरी, भंडारदरा परिसरातल्या हॉटेलवाल्यांना माझी विनंती साधी आहे. तळमजल्यावरची एक तरी खोली अशा जोडप्यांसाठी तयार ठेवा. बाथरूममध्ये रबरी चटई आणि भिंतीला पक्की दांडी लावा. चार उशा द्या. डाव्या कुशीवर झोपणाऱ्या बाईला एक गुडघ्यांमध्ये लागते, एक पाठीशी. रात्री अकराला भूक लागली तर मऊ खिचडी मिळेल का, जवळचं प्रसूतिगृह किती मिनिटांवर आहे, हे जाहिरातीतच छापा. पाकळ्यांचा खर्च वाचवलात तर यातलं बरंचसं होऊन जाईल.

एक होऊ घातलेली आजी,
पंचवटी, नाशिक