लाईनमनदादा, तुमचा चहा अर्धाच राहिला होता

लाईनमनदादा,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या दिवशी विचारलं तेव्हा तुम्ही हसून गाडीला किक मारलीत. पण आभार मानायचे राहून गेलेत आणि ते चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुमच्यावर मी ओरडलो तेही चारचौघांतच.

माझं वागळे इस्टेटला फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. ग्रिल, जिने, आणि मे महिन्यात गच्चीवरचे पत्रे. पाऊस तोंडावर आला की सगळ्यांना शेड एकाच आठवड्यात हवी असते. ती इमारत येऊरच्या पायथ्याच्या वस्तीतली, तीन मजली. मागच्या बाजूनं 22 केव्हीची, म्हणजे 22 हजार व्होल्टची, लाईन गेलेली, गच्चीपासून साधारण दहा फुटांवर. आम्ही ती पाहिली नव्हती असं नाही. रोज दिसते म्हणून दिसेनाशी झाली होती. पुढच्या बाजूला गाड्या उभ्या होत्या, म्हणून मी पोरांना सांगितलं की पाईप मागून ओढा.

पहिला पाईप दोराला बांधून दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला आणि खालून तुमची आरोळी आली, "ए, थांबव! खाली घे!" समोरच्या टपरीवर तुम्ही चहा घेत होता. ग्लास तिथेच ठेवून धावत आलात. मी वरून म्हणालो, "आमचं रोजचं काम आहे, तुम्ही तुमचं बघा." अजूनही काही बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुम्ही उलट बोलला नाहीत. पाईप जमिनीवर टेकेपर्यंत फक्त दोराकडे बघत राहिलात.

मग जे केलंत ते मी आयुष्यभर विसरणार नाही. वीस फुटी पाईप रस्त्यावर आडवा ठेवलात. एक टोक भिंतीला लावलंत, "ही तुमची गच्ची" म्हणालात, आणि तिथून पावलं मोजत निघालात. दहा फुटांवर थांबून पाईपवर बूट ठेवलात. "तार इथं." पाईपच्या बरोबर मध्यावर! उरलेला अर्धा पाईप तारेच्या पलीकडे रस्त्यावर पडला होता. गावाकडून नुकताच आलेला आमचा एकोणीस वर्षांचा पोरगा त्या टोकाकडे बघत उभा राहिला. गच्चीच्या कठड्याशी पाईप हातात घ्यायला तोच वाकणार होता.

मी म्हणालो, इमारत तर नियमात आहे. खरंच होती. 33 केव्हीपर्यंतच्या अशा लाईनला बाजूनं दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट, आणि डोक्यावर 3.7 मीटर अंतर लागतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ते अंतर भिंतीसाठी. भिंत हलत नाही. तुमचा पाईप हलतो." पंचवीस वर्षं या धंद्यात आहे, इतकं साधं मला कुणी सांगितलं नव्हतं. तुमचा हिशोब आता दुकानात सगळ्यांना पाठ आहे: हातातली वस्तू पूर्ण लांबीनं तारेकडे पडली असं धरायचं, आणि तरीही मध्ये भरपूर जागा उरली पाहिजे. पाईप, पत्रा, ॲल्युमिनियमची शिडी, ओला बांबू, सगळ्यांना हाच हिशोब.

हातमोजे आहेत की, असं पोरगा हळूच म्हणाला. त्याचा हातमोजा हातात घेऊन तुम्ही पिळलात, घाम निथळला. ते वेल्डिंगच्या ठिणग्यांसाठीचं चामडं, 22 हजार व्होल्टसाठी नाही. चप्पल रबरी आहे म्हणून, दोर सुती आहे म्हणून वाचू, या समजुतीही तुम्ही तिथेच मोडल्यात. विजेच्या एवढ्या दाबाला तारेला टेकायचीही गरज नसते, पाईप फार जवळ गेला तरी ठिणगी हवेतून उडी मारते, हे ऐकून मी खाली बसलो.

आणि तुम्ही लगेच गेला नाहीत. अर्धा तास पोरांना बसवून शिकवलंत. तार तुटून पडली तर तिच्या भोवतालची जमीनसुद्धा धक्का देते. जवळ असलो तर दोन्ही पाय जुळवून, न उचलता, घासत घासत लांब जायचं, ढांग टाकून पळायचं नाही. घरातल्या वायरला कुणी चिकटलं तर आधी मेन स्विच बंद करायचा, ते जमलं नाही तर कोरडं लाकूड चालतं, पण हाय टेन्शनला, म्हणजे अशा हजारो व्होल्टच्या तारेला, चिकटलेल्याला लाकडानंही ढकलायचं नाही. लाईन बंद झाल्याचं कळेपर्यंत लांब राहायचं, 1912 या वीज तक्रारीच्या नंबरला फोन करायचा. लाईन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, तरी मेली असं नाही, उपकेंद्रातून ती परत चार्ज होऊ शकते. तुम्ही स्वतःसुद्धा शटडाऊन घेतल्यावर, म्हणजे लाईन बंद करून घेतल्यावर, आधी तपासता, मग दोन्ही बाजूंनी अर्थिंग करता, म्हणजे तारा जमिनीला जोडता, कारण कुणाच्या जनरेटरमधून उलटा करंट येऊ शकतो. रोज त्या तारेला हात लावणारा माणूस तिला एवढा मान देतो, हे पोरांच्या मनाला लागलं. माझ्याही.

काम कसं पुरं झालं ते सांगतो. सगळे पाईप दहा-दहा फुटांचे कापले, जिन्यानं वर नेले आणि वरच जोडले. जोड वाढले, दीड दिवस जास्त गेला. तारेकडच्या शेवटच्या रांगेसाठी घरमालकाला घेऊन वीज कार्यालयात अर्ज दिला. देखभालीसाठी लाईन बंद राहणार होती त्या दिवशी, तुमच्या खात्याचा माणूस समोर उभा असताना, ते पत्रे बसवले. मालक आधी कुरकुरला. मी त्याला रस्त्यावर पाईप आडवा ठेवून दाखवला, तुम्ही दाखवलात तसाच.

आता कामाचा भाव काढायला गेलो की टेप लावण्याआधी मी गच्चीवरून चारही बाजूंना वर बघतो. तार असेल तर कोटेशनमध्ये कापणीची आणि जोडणीची मजुरी आधीच धरतो. त्यामुळे दोन कामं हातची गेली. जाऊ देत.

दादा, पोरगा त्या रात्री जेवला नाही. गावी आईला फोन लावून बराच वेळ नुसता बोलत राहिला. परवा त्या माऊलीनं परभणीहून शेंगा पाठवल्या आहेत, आणि त्यात एक पिशवी वेगळी बांधून "लाईनमनसाठी" असा निरोप दिलाय. ती दुकानात ठेवली आहे. टपरीवाल्याकडे तुमची चौकशी दोनदा केली, तुमची ड्यूटी बदलली म्हणतो. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर वागळेला या. पिशवी घेऊन जा, आणि चहा पुरा घेऊन जा.

तुमचा ऋणी,
वागळे इस्टेटचा एक फॅब्रिकेटर, ठाणे