किलिमांजारोला एक मुक्काम जादा हवाच

रविवारच्या पुरवणीतील ‘पाच दिवसांत किलिमांजारो’ हा लेख वाचला. आफ्रिकेतील ५८९५ मीटर उंचीच्या या शिखराचे वर्णन सुरेख आहे. पण नवख्यांना पाच दिवसांचे वेळापत्रक सुचवण्यावर माझा ठाम आक्षेप आहे.

मरांगू वाटेवर पहिला मुक्काम मंदारा सुमारे २७०० मीटरवर, होरोंबो ३७०० आणि किबो ४७०० मीटरवर. म्हणजे लागोपाठ दोन दिवस हजार-हजार मीटर चढून तिथेच झोपायचे. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा वैद्यकीय सल्ला आहे. किबोला जेवण समोर येते तेव्हा अनेकांचे डोके ठणकत असते, घास गिळवत नाही. आणि मध्यरात्री उठून घसाऱ्याच्या वाटेने आणखी सुमारे १२०० मीटर चढायचे असते. आपले कळसूबाई १६४६ मीटरचे. सह्याद्रीत पाय तयार होतात, विरळ हवेची सवय मात्र होत नाही.

शिखर ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे त्याचे शुल्क दिवसांवर असल्याने दिवस कापण्याचा मोह होतो, हे कळते. तरी होरोंबोला एक जादा मुक्काम हवाच. माचामे वाट त्या मानाने बरी. तिथे लाव्हा टॉवरपर्यंत, सुमारे ४६०० मीटर, चढवून झोपायला खाली बरांकोला आणतात, त्यामुळे शरीराला विरळ हवेची सवय होते.

पैसे भरण्याआधी इच्छुकांनी आयोजकांकडून प्रत्येक मुक्कामाची उंची लेखी मागून घ्यावी. आपणही अशा लेखांसोबत ती छापावी, ही विनंती.

– एक गिर्यारोहक, पुणे