कॅम्पर बाहेर काढला

ती. आई-बाबा,
सा. न.

आई परवा फोनवर सारखी विचारत होती ना, त्या कॅम्परमधलं, म्हणजे चाकांवरच्या घरातलं, पाणी पिण्यासारखं असतं का, म्हणून म्हटलं सगळं नीट लिहूनच पाठवते. इथे मिनेसोटात एप्रिल अर्धा संपला तरी अंगणाच्या कडेला बर्फ होता, शेवटी या शनिवारी कॅम्परवरचं कव्हर काढलं. जानेवारीत इथे उणे 25 च्याही खाली जातं, पाइपमध्ये पाणी राहिलं तर गोठून फुगतं आणि पाइप तडकतो, म्हणून ऑक्टोबरातच पाणी काढून सगळ्या लाइनीत गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे न गोठणारं द्रव, भरून ठेवलेलं. ते आता धुवून काढलं, एकेक नळ, शॉवर, संडासचा फ्लश, गुलाबी रंग जाईपर्यंत सोडत बसले, मग टाकीत ब्लीच घातलं, 15 गॅलनला पाव कप, ते पाणी प्रत्येक नळात येऊ दिलं, रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी सोडून देऊन वास जाईपर्यंत टाकी पुन्हापुन्हा भरली. त्यामुळे आई, बिनधास्त पी. तरी मनाला पटलं नाही तर उकळून घेऊ.

गॅसच्या पाइपला साबणाचा फेस लावून बघितलं, सिलेंडर बदलल्यावर तू बघतेस तस्संच, कुठेच बुडबुडे नाहीत. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूच्या अलार्मची मुदत संपलेली, तो नवा बसवला, तुम्ही दोघं आत झोपणार आणि रात्री हीटर लागणार, तिथे मी जराही रिस्क घेणार नाही.

बाबा, टायरचं तुम्हाला सांगायचंच होतं. नक्षी अगदी नव्यासारखी, पण तुम्ही एसटीच्या वर्कशॉपमध्ये बॅटरी घेऊन खाली वाकून बघायचात तसं बघितलं तर साइडला बारीक बारीक चिरा. टायरवर चार आकडे असतात, 2318 म्हणजे 2018 सालचा 23 वा आठवडा, म्हणजे रबर म्हातारं झालेलं. चारही बदलले. नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळलेत, पहिल्या 50 मैलांत परत आवळायचे, ते तुमच्या हातून करून घेणार आहे.

उंदरांनी मात्र एक गादी पोखरली, स्पंज सगळा खाली. आईची गोधडी मी थंडीआधीच घरात आणलेली, नशीब.

जूनमध्ये तुम्ही आलात की लेक सुपिरियरच्या काठाने गूसबेरी फॉल्सपर्यंत जायचं, बाबा, तिथून पुढे कड्यावर 1910 चं दीपगृह आहे.

एकच राहिलंय. कॅम्परची पायरी उंच आहे, मी खाली लाकडाची एक जास्तीची करून घेतेय आणि दाराला धरायला दांडी लावतेय. आई, किती उंच पायरी चढताना गुडघा दुखत नाही ते बाबांकडून टेपने मोजून घे आणि कळव, तेवढीच करते.

तुमची लेक