एलिहू बरिट यांचा विसर नको

संपादक महोदय,

बायबलमधील विरळा नावांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आस्थेने वाचला. परंतु एलिहू या नावाच्या मानकऱ्यांमध्ये एलिहू येल यांना निम्म्याहून अधिक जागा मिळाली, रूट व थॉमसन एकेका ओळीत आटोपले आणि एलिहू बरिट यांचा नामोल्लेखही झाला नाही, याचे मनापासून वाईट वाटले.

येल यांच्याविषयी आपल्याकडे कुतूहल असणे स्वाभाविक आहे. मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचे ते गव्हर्नर होते व १६९२ मध्ये कंपनीने त्यांना पदावरून दूर केले. पुढे १७१८ मध्ये त्यांनी कनेक्टिकटमधील एका लहानशा विद्यालयाला पाठवलेल्या मालाचे सुमारे ५६२ पौंड आले आणि तेवढ्यावर त्यांचे नाव विद्यापीठाला कायमचे लागले.

त्याच कनेक्टिकटमधील न्यू ब्रिटन येथे १८१० मध्ये जन्मलेले बरिट पेशाने लोहार होते. उमेदवारीच्या काळात आपण ग्रीक व्याकरणाचे पुस्तक टोपीत घालून कामावर जात असू, मोठे लोखंड तापेपर्यंत ते भट्टीच्या धुराड्याला उघडे टेकवून ठेवत असू आणि सोबत्यांच्या नकळत क्रियापदाची रूपे घोकत असू, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. अशा रीतीने अनेक भाषा आत्मसात केलेल्या या माणसाने १८४७ मध्ये दुष्काळग्रस्त आयर्लंडमधील स्किबरीन गाठून तेथील उपासमारीचे प्रत्यक्ष पाहिलेले वर्णन प्रसिद्ध केले, आणि १८४८ च्या ब्रसेल्स येथील शांतता परिषदेसाठी पुढाकार घेतला. परदेशी गेलेल्या गरिबांना घरी पत्र धाडणे परवडावे म्हणून समुद्रपार टपालाचा दर एक पेनी करावा, यासाठीही ते वर्षानुवर्षे झटले. मला त्यांचे हे काम सर्वांत मोलाचे वाटते.

राष्ट्राराष्ट्रांतील तंटे लवादाने मिटवावेत, हा बरिट व त्यांच्या सहकाऱ्यांचा आग्रह होता. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री राहिलेले एलिहू रूट यांना १९१२ चे शांततेचे नोबेल मिळाले तेही प्रामुख्याने लवादविषयक कार्यासाठी. एलिहू थॉमसन यांनी विजेच्या प्रवाहाने धातू सांधण्याची रीत शोधली, आणि आज मोटारींच्या कारखान्यांत होणारे स्पॉट वेल्डिंग त्याच रीतीचे आहे. इतके सांगण्यास एक ओळ खचितच अपुरी होती.

मुळात ईयोबाच्या ग्रंथातील एलिहू हा वडीलधाऱ्यांचे बोलणे संपेपर्यंत थांबलेला तरुण आहे. तो पुढे सहा अध्याय बोलतो, पण शेवटी देव ईयोबाच्या तिघा मित्रांना दोष देतो तेव्हा एलिहूचे नावही निघत नाही.

आगामी पुरवणीत बरिट यांच्यावर स्वतंत्र टिपण द्यावे आणि त्यात टपालदराच्या मोहिमेला पुरेशी जागा मिळावी, ही नम्र विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा