काकाची गोष्ट आणि कलम ३९

सातारा

चि. गौरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

न्यायाधीशांना प्रशिक्षण देणाऱ्या उत्तनच्या अकादमीत तुझं बस्तान बसलं, मेसचं जेवणही बरं आहे, हे आईकडून कळलं. परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, एनडीपीएसमध्ये दयामाया नसतेच, कायदाच तसा आहे." एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा. मी तेव्हा काही बोललो नाही. तुरुंगात सव्वीस वर्षं शिक्षक होतो, त्यामुळे माझ्याकडे यावर सांगण्यासारखं खूप आहे आणि ते फोनवर मावणारं नव्हतं. शिवाय त्यात घरातली एक गोष्ट आहे. ती तुला आजवर कुणी सांगितलेली नाही.

तुला सायकल शिकवणारा तुझा धाकटा काका १९८७ साली गर्द, म्हणजे हेरॉइनची पूड, ओढायचा. सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदावर पूड ठेवायची, खालून काडी लावायची आणि धूर ओढायचा. आजीच्या पाटल्या गेल्या, मग तांब्याचा बंब गेला. पूड मिळाली नाही की टर्की यायची. नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, हाडं मोडून काढल्यासारखी कळ. रात्रभर मी त्याचे पाय दाबत बसायचो आणि सकाळी तो माझ्याच खिशातून पैसे काढून जायचा. आमच्या वाड्यात सगळे त्याला गर्दुल्ला म्हणायचे, आजीच्या देखत.

एनडीपीएस कायदा १९८५ च्या नोव्हेंबरात लागू झाला. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. मी काकाला रिक्षात घालून तिथं नेलं. मध्यवर्ती कारागृहही येरवड्यातच. त्या दिवशी त्याच्या खिशात एक पुडी होती. वाटेत पोलिसांनी झडती घेतली असती, तर ती पुडी स्वतःच्या नशेसाठी आहे हे त्या वेळच्या कायद्याप्रमाणे त्यालाच सिद्ध करावं लागलं असतं. नाही जमलं तर किमान दहा वर्षं. झडती झाली नाही, एवढंच. दोनदा घसरला, तिसऱ्यांदा सावरला. तू त्याला ओळखतेस ते त्यानंतरचा माणूस म्हणून.

तुरुंगात शिकवायला लागलो तेव्हा मला माझा भाऊ प्रत्येक बरॅकीत दिसायला लागला. ज्या बंद्याबद्दल सांगायचं आहे, तो मात्र व्यसनी नव्हता. तो ट्रकवर क्लीनर होता, एकवीस वर्षांचा. ओडिशाकडून येणाऱ्या ट्रकमध्ये पोत्यांखाली गांजा सापडला, वीस किलोच्या वर, म्हणजे कमर्शियल क्वांटिटी, कायद्याच्या हिशेबात व्यापाराचा साठा. ड्रायव्हर पळाला, मालक कोण ते कागदावर कधी आलंच नाही. कलम ३७ मुळे जामीन नाही आणि शेवटी दहा वर्षं सक्तमजुरी, एक लाख दंड. माझ्या वर्गात तो पाटीवर स्वतःचं नाव गिरवायला शिकला आणि आठव्या वर्षी मुक्त विद्यापीठाचा अभ्यास करत होता.

त्याच्या शेजारच्या पथारीवर ३०४ पार्ट टूचा, म्हणजे सदोष मनुष्यवधाचा, बंदी होता. बांधाच्या भांडणात त्याच्या हातून माणूस गेला होता. त्यालाही दहाच वर्षं. त्याला चांगल्या वर्तनाची, कामाची, शिक्षणाची माफी, म्हणजे शिक्षेतल्या दिवसांची सूट, मिळत गेली आणि तो आठव्या वर्षी घरी गेला. त्याला माफी मिळाली याचं मला वाईट वाटत नाही, तो खरोखर बदलला होता. पण माझ्या क्लीनरने तेच वर्तन, तेच काम, तेच शिक्षण करूनही त्याच्या खात्यात एक दिवस जमा झाला नाही. कारण कलम ३२अ. १९८९ च्या दुरुस्तीत ते आलं. नशा करण्याबद्दलचं कलम २७ वगळता या कायद्याखालची शिक्षा स्थगित करायची नाही, कमी करायची नाही, माफ करायची नाही. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दादू ऊर्फ तुळशीदास विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात अपील न्यायालयाचा शिक्षा स्थगित करण्याचा अधिकार परत दिला, माफीवरची बंदी मात्र कायम ठेवली. तू हा निकाल वाचला असशील. मी तो एका माणसाच्या चेहऱ्यावर वाचला, दर महिन्याला, माफीचा तक्ता लागायचा तेव्हा.

त्याच्यासाठी मी दयेचा अर्ज लिहून दिला. घटनेतला दयेचा अधिकार कुठलाही कायदा काढून घेऊ शकत नाही, हे मला तुरुंगाच्या ग्रंथालयातल्या पुस्तकानेच शिकवलं. अर्ज कुठवर पोचला हे कळायच्या आत त्याची दहा वर्षं भरली. मग दंडाचे एक लाख नव्हते, म्हणून आणखी एक वर्ष. बाहेर पडला तेव्हा त्याची आई राहिलेली नव्हती.

तू म्हणशील, बाबा, एमडीचे, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पुडीचे, कारखाने काढणाऱ्यांचं काय? त्यांच्याबद्दल मला कणव नाही. त्यांच्या मालाने किती घरांचे बंब विकले गेले असतील ते मी जाणतो. पण ते माझ्या वर्गात फारसे आलेच नाहीत. आले ते क्लीनर, हमाल, पुडी पोचवणारी पोरं आणि नशा करणारे. ज्याने कुणावर हात उगारला नाही, ज्याचा पहिलाच गुन्हा आहे, त्याच्यासाठी तरी संसदेने ३२अ चं दार उघडावं, असं माझं ठाम मत आहे आणि ते मी निवृत्तीनंतरही सगळ्यांना सांगत फिरतो. तुरुंगात माणूस सुधारावा असं आपण म्हणतो आणि सुधारल्याचा एक दिवसही त्याला देत नाही, तर मी वर्गात काय शिकवायचं?

हे तुझ्या हातातलं नाही. तुझ्या हातात काय आहे ते सांगतो. स्मॉल क्वांटिटीच्या, म्हणजे थोडा माल सापडल्याच्या, केसेस तुझ्याचपुढे येतील. हेरॉइन पाच ग्रॅमपर्यंत, गांजा एक किलोपर्यंत, शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. (२०२० च्या हिरा सिंग निकालापासून पुडीतल्या भेसळीचंही वजन धरतात, हे विसरू नकोस. निम्मी पूड दुसरंच काही असलं तरी सगळी हेरॉइनच्या वजनात जाते.) आरोपी टर्कीत थरथरत उभा असेल. आत चार महिने झालेले असतील, आणि कुणीतरी कानात सांगितलेलं असेल की 'गुन्हा कबूल' म्हण, भोगलेल्या दिवसांत सुटशील. तो म्हणेल. तू लगेच लिहून घेऊ नकोस. दुसऱ्यांदा सापडला तर हीच नोंद त्याची शिक्षा दीडपट करू शकते. आधी त्याला विचार, घरी कोण आहे, कधीपासून ओढतोस, उपचार घेशील का. आणि कलम ३९ काढ. व्यसनी माणसाला त्याच्या संमतीने, बंधपत्र घेऊन, शिक्षा न सुनावता सरकारमान्य केंद्रात पाठवता येतं, वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल मागवता येतो. हे कलम पुस्तकात आहे, पण माझ्या सव्वीस वर्षांत त्या वाटेने गेलेला एकही माणूस मला भेटला नाही. वकील मागत नाहीत, म्हणून न्यायालय देत नाही.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ ही जवळ ठेव. पहिलाच गुन्हा असलेला कच्चा कैदी, म्हणजे ज्याचा निकाल अजून लागलेला नाही असा, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला की सोडायचा आहे. वर्षाच्या गुन्ह्याला चार महिने. मात्र त्याच्यावर दुसरी केस असेल तर हा लाभ नाही. नशेसाठी मोबाइल चोरलेला पोरगा नेमका तिथंच अडकतो, म्हणून त्याच्या दोन्ही केसेसच्या तारखा एकत्र बघ. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ कच्ची. ती तारखेची वाट बघत असतात आणि पोलीस गार्ड नाही म्हणून तारखेला नेलं जात नाही.

हे पत्र टाकण्याआधी काकाला वाचून दाखवलं. त्याची गोष्ट त्याला न विचारता लिहिणं बरोबर नव्हतं. तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "बंबाचंही लिहिलंस ना? राहू दे, तिला कळू दे." तुला भेटायला उत्तनला यायचं म्हणतोय. कुठल्या रविवारी चालेल ते कळव, म्हणजे मी त्याचं पुण्याहून तिकीट काढतो.

तुझा,
बाबा