ठासणीच्या बंदुकीला आधी पाणी, मग तेल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुळशी तालुक्यातील आमच्या शेतावर रानडुकरांच्या उपद्रवामुळे शेतीसंरक्षण परवान्यावरची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक तीन पिढ्यांपासून आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी ती जमा करावी लागली. जूनमध्ये परत मिळाल्यावर नळीत फिरवलेली पांढरी चिंधी विटकरी होऊन बाहेर आली. यात सांभाळणाऱ्यांचा दोष नव्हता. शेवटच्या बारानंतर आम्हीच नळी न धुता तीत नुसते तेल सोडले होते. गंजाने पडलेले बारीक खड्डे आता भरून येणार नाहीत.

या बंदुकीत भरायची काळी दारू म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक वजनाचा घन अवशेष उरतो व त्यातील पोटॅशियमचे क्षार हवेतील ओल शोषून घेतात. हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात किंवा रॉकेलमध्ये नाही. त्यामुळे न धुतलेल्या नळीला तेल लावल्यास क्षार तेलाखाली तसेच राहतात आणि लोखंड आतून खात जातात. आमचे आजोबा त्याच दिवशी चुलीवर आधण ठेवून नळी धूत. कढत पाणी पडताच कुजक्या अंड्यासारखा वास सुटे आणि काळे पाणी वाहू लागे. ते नितळ होईपर्यंत ते गजाला चिंध्या गुंडाळून नळी घासत, कानाचे, म्हणजे ठिणगी आत दारूपर्यंत पोहोचवणारे, छिद्रही मोकळे करत, नळी कोरडी करत आणि ती गरम असतानाच तेलाचा पातळ हात फिरवत. आटे (आतून पीळदार खाचा) असलेल्या नळीत तर मळ खाचांत बसतो, म्हणून तिथे अधिक चिकाटी हवी. पॉलिश पेपर मात्र कधीही वापरू नये. गोडेतेल कालांतराने चिकट होते, तेव्हा यंत्राचे तेलच बरे.

धुण्याआधी बंदूक भरलेली नाही ना, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. रिकाम्या नळीत गज जिथवर उतरतो तिथे खूण करून ठेवावी. खूण नळीच्या तोंडाबाहेर राहिली, तर आत बार आहे असे समजून जाणकाराला बोलवावे. पुन्हा बार भरण्याआधी तेल पुसून काढावे, नाहीतर दारू भिजते. पावसाळ्यात कापडी खोळीत बंदूक ठेवू नये, खोळ ओल धरते.

परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी एवढी माहिती अर्ध्या पानाच्या मराठी पत्रकावर द्यावी आणि बंदूक जमा करण्याच्या नोटिशीतही ‘नळी धुऊन आणावी’ असे स्पष्ट लिहावे, अशी संबंधितांना आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक परवानाधारक शेतकरी, कोथरूड, पुणे